खाणीच्या बार्जवरचे वायरलेस सेट हॅमच्या बँडवर आणताना

गोव्यातल्या आमच्या डिचोली-साखळी भागात जुने वायरलेस सेट अजूनही सापडतात. खाणी जोरात होत्या तेव्हा मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवर, जेटीवर, ऑफिसच्या जीपमध्ये ते असायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. बार्ज काठाला लागल्या आणि सेट कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गॅरेजात जाऊन पडले. त्यातलाच एक मोटोरोला जीएम३०० आणि एक जीएम३३८ मी हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाच्या बँडवर (त्यासाठी ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात) आणले. हे कसं करायचं हे मला मराठीत कुठे सलग वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून परवान्यापासून अँटेनापर्यंत सगळं क्रमाने लिहिते आहे.

मनात हे आलं ते तौक्ते वादळानंतर. मे २०२१ च्या मध्यावर ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं विजेच्या तारांवर पडली, आमच्याकडे वीज गेली ती गेलीच, आणि मागोमाग मोबाइलची रेंजही. आई-बाबा पेडण्याला, मी डिचोलीला. रस्त्यावर झाडं आडवी, त्यामुळे निघताही येईना. मी उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवते, विद्युतचुंबकीय लहरी दर वर्षी फळ्यावर काढते. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांची घरात गरज आहे असं वाटलं.

सेट घेण्याआधी परवाना, हा क्रम पक्का ठेवा. भारतात वायरलेस सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, हा १९३३ च्या कायद्यापासूनचा नियम आहे. हॅमचा परवाना मिळाला की त्या कामासाठीचा सेट बाळगण्याची मुभा त्यातच येते. म्हणून कुणी 'आधी सेट घेऊन ठेव, परीक्षा नंतर दे' असं सांगितलं तरी ऐकू नका.

परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा घेते आणि अर्ज सरल संचार या पोर्टलवर भरायचा असतो. वय १२ पूर्ण असलं की कुणीही बसू शकतं. दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवता आणि घेता आला पाहिजे, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. मी रिस्ट्रिक्टेडचा अर्ज ऑगस्ट २०२१ मध्ये भरला. पेपरचे दोन भाग असतात, एक रेडिओच्या तत्त्वांचा आणि दुसरा नियमांचा. तत्त्वांचा भाग बारावीचं भौतिकशास्त्र नीट केलेल्याला जड जात नाही. नियमांचा भाग मात्र बसून पाठ करावा लागतो: क्यू कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), संकटातले संदेश, कोणते संदेश पाठवायचे नाहीत, लॉगबुक कसं ठेवायचं. मी नियमांचा भाग रोज रात्री जेवणं आटोपल्यावर मोठ्याने वाचायचे, आणि त्याचा उपयोग झाला.

परीक्षा मार्च २०२२ मध्ये झाली. पास झाल्यावर लगेच बोलता येतं असं पुष्कळांना वाटतं, तसं नसतं. परीक्षेने मिळतं ते ऑपरेटरचं प्रमाणपत्र. स्टेशन चालवण्याचा परवाना त्यानंतर वेगळा अर्ज करून घ्यायचा आणि कॉलसाइन, म्हणजे हवेत आपली ओळख सांगणारं अक्षर-अंकांचं नाव, त्या परवान्यावर येतं. मी भरलं तेव्हा २० वर्षांच्या परवान्याला १००० रुपये आणि आजीवन परवान्याला २००० रुपये होते. मी आजीवन घेतला. एक गोष्ट गोव्यातल्यांनी खास सांभाळा: स्टेशनचा पत्ता परवान्यावर छापला जातो, आणि आपल्याकडे घराचा क्रमांक पंचायतीच्या कागदावर एका प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे असतो. वाड्याचं नाव एकीकडे असतं, दुसरीकडे नसतं. अर्ज भरायच्या आधी दोन्ही जुळवून घ्या. मी आधारवरचा पत्ता आधी दुरुस्त करून घेतला होता, त्यामुळे त्या मुद्द्यावर काही विचारणा झाली नाही. व्हीयू३ ने सुरू होणारं माझं कॉलसाइन डिसेंबर २०२२ मध्ये हाती आलं. मधल्या काळात मी एक साधा एसडीआर डोंगल (यूएसबीत बसणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) संगणकाला लावून नुसतं ऐकत होते. हा डोंगल पुढे फार कामाला आला, त्याचं पुढे सांगते.

नवा हॅम सेट घ्यायचा तर गाडीत बसवायचा चांगला सेट माझ्या पगाराला परवडणारा नव्हता. स्वस्त चिनी हँडी, म्हणजे हातात धरायचे सेट, मिळतात, पण दाट वस्तीत, मोबाइल टॉवरच्या शेजारी त्यांच्या रिसीव्हरची अवस्था वाईट होते; नको ते सिग्नल आत घुसतात. व्यावसायिक सेट याच्या उलट. तो दिवसभर, वर्षानुवर्षं, डिझेल इंजिनाच्या थरथरीत चालावा म्हणून बनवलेला असतो. मागची अख्खी बाजू ओतीव ॲल्युमिनियमची, उष्णता बाहेर टाकणारी. आवाज मोठा आणि स्पष्ट, कारण तो इंजिनाच्या गोंगाटात ऐकू यायला हवा असतो. उणीव एकच: त्याला फिरवायचं डायल नाही. कारखान्यात किंवा डीलरकडे जे चॅनेल भरले तेवढेच त्याला माहीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या ओळखीतल्या एका जुन्या बार्जमालकांकडे पिळगावला गेले. त्यांच्या बार्जवर जे तांडेल होते, तेही तिथे आले होते. त्यांनी माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेले सेट खाली आणले आणि जीएम३०० माझ्या हातात देत म्हणाले, "बाय, ह्यानं खारं पाणी प्यायलंय, पण बोलायचा कधी थांबला नाही." सेट जड होता. अँटेनाच्या कनेक्टरवर हिरवट थर, माइकची तार ताठर झालेली, पण स्क्रू एकही गंजून अडकलेला नव्हता.

पैसे द्यायच्या आधी मी मागचं लेबल टॉर्च लावून वाचलं, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. एकाच नावाचा सेट वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी येतो. भारतात हॅमना दोन मीटरवर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आहे आणि सत्तर सेंटिमीटरवर ४३४ ते ४३८; बँडांची ही नावं लहरीच्या लांबीवरून पडली आहेत. सेटचा पट्टा यांच्यावरून जात असेल किंवा अगदी लागून असेल तरच तो घ्यावा. जीएम३०० च्या मॉडेल क्रमांकात एम नंतर दोन अंक असतात. पहिला ताकदीचा वर्ग सांगतो, दुसरा बँड. दुसरा अंक ३ असेल तर व्हीएचएफ, म्हणजे दोन मीटरच्या बाजूचा; ४ असेल तर यूएचएफ, म्हणजे सत्तर सेंटिमीटरच्या बाजूचा. माझा व्हीएचएफ होता, पण १४६ ते १७४ चा. म्हणजे हॅमचा बँड त्याच्या उंबऱ्याच्या लगेच बाहेर. जीएम३३८ मध्ये २५ या आकड्यानंतरचं अक्षर बघायचं: के असेल तर १३६ ते १७४, आर असेल तर ४०३ ते ४७०, एस असेल तर ४५० पासून वर. तिथे एसचे दोन आणि आरचा एक सेट होता. दिसायला तिन्ही सारखे. एसचे आपल्या कामाचे नाहीत, कारण ४३४ त्यांच्यापासून फार दूर आहे. मी आरवाला घेतला. जीएम३०० ला २००० आणि जीएम३३८ ला ३५०० रुपये दिले.

मालकांकडून मी एक साधं पत्र लिहून घेतलं: सेटचं मॉडेल, सीरियल क्रमांक, तो त्यांच्याकडे कोणत्या परवान्यावर होता, तो परवाना त्यांनी परत केल्याची प्रत, आणि माझं कॉलसाइन. त्यांनी कागद जपून ठेवले होते म्हणून हे सोपं गेलं. भंगारात कागदाविना स्वस्तात मिळणारे सेट मी घेतले नाहीत आणि तुम्हीही घेऊ नका. तो सेट कुठून आला हे उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर पाहिजे.

घरी आणल्यावर वीज न लावता आधी दोन्ही सेट उघडले. वरचं झाकण काढलं की धातूच्या डब्यांनी झाकलेले भाग दिसतात. भिंगाखाली इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या पायथ्याशी ओल, तपकिरी डाग, फुगलेलं डोकं असं काही आहे का ते बघितलं. नव्हतं. माइकच्या सॉकेटमधल्या आठ पिनांपैकी दोनांवर क्षार जमला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने गेला. कनेक्टरवरचा हिरवा थरही तसाच काढला. जीएम३०० चं अँटेनाचं सॉकेट मिनी-यूएचएफ असतं, आपल्या नेहमीच्या पीएल-२५९ प्लगला ते बसत नाही. त्याचा ॲडॅप्टर मुंबईहून मागवावा लागला. हे आधी कळलं तर एक आठवडा वाचतो.

प्रोग्रॅमिंगचं काम मी स्वतः घरी केलं नाही, आणि तेच योग्य होतं असं अजून वाटतं. या सेटमधली सगळी माहिती, म्हणजे चॅनेल, टोन (आवाजासोबत ओळखीसाठी जाणारा बारीक सूर), ताकद, जुळवणीचे आकडे, एका फाइलमध्ये असते. तिला कोडप्लग म्हणतात. ती बिघडली तर सेट मुका होतो. जीएम३०० चं मूळ सॉफ्टवेअर डॉसवरचं आहे. ते आजच्या वेगवान संगणकावर नीट चालत नाही, त्याला जुना संथ संगणक आणि खरा सीरियल पोर्ट लागतो. यूएसबीचं कन्व्हर्टर बहुधा दगा देतं. शिवाय संगणक आणि सेट यांच्यामध्ये एक इंटरफेस बॉक्स लागतो, ज्याला सगळे 'रिब' म्हणतात. वास्कोला बोटींवरचे सेट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे रीतसर सॉफ्टवेअर, जुना लॅपटॉप, रिब आणि मुख्य म्हणजे सर्व्हिस मॉनिटर (सेटची सगळी मोजमापं घेणारं यंत्र), हे सगळं होतं. एप्रिलमध्ये, परीक्षांचे पेपर तपासून संपल्यावर, मी त्यांच्याकडे गेले.

जाण्याआधी चॅनेलचा तक्ता कागदावर तयार करून नेला होता. ही सूचना फार मनापासून करते. सेटला डायल नाही, म्हणजे एखादं चॅनेल राहून गेलं तर पुन्हा वास्को, आणि डिचोलीहून वास्को म्हणजे अर्धा दिवस जातो. प्रत्येक ओळीत ऐकायची फ्रिक्वेन्सी, बोलायची फ्रिक्वेन्सी, टोन आणि चॅनेल रुंद की अरुंद, एवढं लिहा. दोन मीटरवर रिपीटरशी, म्हणजे आपला आवाज घेऊन तो पुन्हा लांबवर पाठवणाऱ्या स्टेशनशी, बोलताना आपण साधारण ६०० किलोहर्ट्झ खाली बोलतो, ते वजा करून आधीच लिहा. १४५.५०० हे थेट बोलण्याचं ठरलेलं ठिकाण. १४५.८०० वर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ऐकू येतं, ते मी फक्त ऐकण्यासाठी ठेवायला सांगितलं. रुंदी २५ किलोहर्ट्झची, कारण आपल्याकडे हॅम एफएम बहुतेक तशीच चालते. सेट १२.५ वर राहिला तर समोरच्याला तुमचा आवाज दबका वाटतो.

त्यांनी आधी जुना कोडप्लग वाचून जपून ठेवला, मगच हात लावला. बार्जच्या काळातले चॅनेल पडद्यावर आले. ते सगळे मी पुसायला सांगितले. त्या फ्रिक्वेन्सी आता दुसऱ्या कुणाला दिलेल्या असू शकतात, आणि हॅमचा परवाना हॅमच्या बँडबाहेर एक सेकंदही बोलू देत नाही. 'राहू दे, बटण दाबलं नाही म्हणजे झालं' असा विचार करू नका. घरात मुलं असतात, पाहुणे असतात.

मग आमचा आकडा. १४५.५०० टाइप केलं की सॉफ्टवेअर नाकारायचं, कारण त्याच्या लेखी हा सेट १४६ च्या वरचा. या जुन्या सॉफ्टवेअरची युक्ती त्यांना ठाऊक होती: शिफ्टची कळ दाबून धरून वरच्या ओळीतले आकडे टाइप करायचे, की तीच फ्रिक्वेन्सी ते घेतं. पण सॉफ्टवेअरने घेतली म्हणजे सेटला जमली असं नाही. आतला ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारा भाग, त्या फ्रिक्वेन्सीला लॉक (स्थिर) झाला पाहिजे. झाला नाही तर सेट सतत बीप देतो आणि पाठवत नाही. सेट चालू केला, चॅनेल लावलं, बीप आला नाही. १४४.१०० वरही आला नाही. दोन मेगाहर्ट्झ म्हणजे या सेटसाठी जेमतेम एक पाऊल, त्यामुळे सोल्डरिंग आयर्नची गरज पडली नाही. लॉक होत नसता तर ऑसिलेटरची जुळवणी सरकवावी लागली असती, आणि ते काम त्यांच्यासारख्यानेच करावं.

यानंतर मोजमाप. अँटेनाऐवजी डमी लोड लावला, म्हणजे पाठवलेली ताकद हवेत न जाता आतच जिरते. फ्रिक्वेन्सी १.१ किलोहर्ट्झने चुकत होती. या सेटची मूळ अचूकता दशलक्षात ५ भागांची, म्हणजे १४५ ला सुमारे ७२५ हर्ट्झ. वयापरत्वे फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल त्याहून सरकला होता. ही जुळवणी सॉफ्टवेअरमधूनच होते. डेव्हिएशन, म्हणजे आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते ते, ४.५ किलोहर्ट्झला ठेवलं. ताकद २८ वॅट येत होती, ती २० वर आणली. मला लांब अंतरापेक्षा सेटचं आयुष्य महत्त्वाचं होतं, आणि २० आणि २८ मधला फरक समोरच्या कानाला जाणवत नाही. रिसीव्हर ०.४ मायक्रोव्होल्टच्या सिग्नलला १२ डेसिबल सिनॅड (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे त्याचं माप) देत होता, पट्ट्याबाहेर येऊनही. हे आकडे एकेक करून पडद्यावर उभे राहिले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. वर्गात आम्ही सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराबद्दल बोलतो; इथे ते मीटरच्या काट्यावर होतं.

शेवटी दोन लहान गोष्टी करून घेतल्या. पाठवण्याचा टायमर ३ मिनिटांवर, म्हणजे माइक चुकून दाबला गेला तर सेट आपोआप थांबतो. आणि ऐकण्यावरचा टोन काढून टाकला. व्यावसायिक सेटमध्ये तो बहुधा चालू असतो, आणि मग तुमच्या कंपनीचा टोन नसलेला कुणीही ऐकू येत नाही. सेट बिघडलाय असं वाटून कित्येकजण हैराण होतात ते यामुळेच. जीएम३३८ चं सॉफ्टवेअर विंडोजवरचं, त्यात ४३४ ते ४३८ मूळच्याच पट्ट्यात, त्यामुळे ते काम चहा होईपर्यंत आटोपलं. दोन्ही सेटचे मिळून त्यांनी १५०० रुपये घेतले.

सर्व्हिस मॉनिटर जवळ नसलेल्यांसाठी: सेट डमी लोडवर ठेवून, एसडीआर डोंगल खोलीच्या दुसऱ्या टोकाला अँटेनाशिवाय ठेवलात, तर पडद्यावर आपला सिग्नल किती रुंद आहे आणि साधारण कुठे आहे ते दिसतं. सेटची तार डोंगलला थेट कधीच जोडू नका, तो क्षणात जळेल. डोंगलची स्वतःची फ्रिक्वेन्सीही सरकलेली असते. आधी ती ओळखीच्या सिग्नलवर तपासून घ्या.

वीजपुरवठा १३.८ व्होल्टचा लागतो आणि २० वॅटला साधारण ६-७ अँपिअर ओढले जातात. स्वस्त एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा सप्लाय) लावून बघितला तर रिसीव्हरमध्ये सरसर आवाज यायचा, म्हणून म्हापशाच्या एका दुकानातून ट्रान्सफॉर्मरचा जुन्या पद्धतीचा सप्लाय ३२०० ला घेतला. सोबत ४५ अँपिअर-अवरची गाडीची बॅटरी ठेवली आहे. नुसतं ऐकायला सेट अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी घेतो, त्यामुळे वीज गेली तरी दोन दिवस ऐकणं आणि अधूनमधून बोलणं आरामात निभतं. तौक्तेच्या आठवड्यात नेमकं हेच हवं होतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी टोकाजवळ लावा, लाल आणि काळ्या दोन्ही तारांना.

मे महिन्यात पावसाआधी कौलं परतायला माणूस येतो, तेव्हाच अँटेना चढवायचं ठरवलं, म्हणजे छपरावर जाण्याचा खर्च वेगळा पडत नाही. अँटेना घरीच केली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून ३ मिलिमीटरची पितळी सळी आणली. ७५ ला मेगाहर्ट्झने भागलं की पाव लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ ला ५१.७ सेंटिमीटर, आणि सळीच्या जाडीमुळे त्याच्या सुमारे ९५ टक्के, म्हणजे ४९. पॅनेलवर बसवायच्या सॉकेटच्या मधल्या पिनला ४९ सेंटिमीटरची उभी सळी, आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत ५१ सेंटिमीटरच्या चार सळ्या खाली ४५ अंशांत वाकवलेल्या. त्या कोनामुळे अँटेना ५० ओमच्या जवळ येते. आधी सळी दोन सेंटिमीटर जास्त ठेवा आणि नॅनोव्हीएनए (अँटेनाची जुळणी मोजणारं छोटं यंत्र) लावून थोडी थोडी कापत या. माझी १.२ एसडब्ल्यूआरवर थांबली; हा आकडा १ च्या जितका जवळ तितकी ताकद कमी परत येते.

केबलमध्ये हात आखडू नका. छपरापासून टेबलापर्यंत मला १२ मीटर लागली. बारीक आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल खाते. म्हणजे माझ्या १२ मीटरमध्ये २० वॅटचे जेमतेम साडेअकरा उरले असते. जाड आरजी-२१३ निम्म्याहून कमी खाते, साडेपंधरा वॅट वर पोहोचतात. महाग आहे, पण सेटची ताकद वाढवण्यापेक्षा हा पैसा सत्कारणी लागतो. आपल्याकडची हवा खारट, म्हणून प्रत्येक जोड आधी स्वतःवरच चिकटणाऱ्या रबरी टेपने आणि वरून साध्या पीव्हीसी टेपने गुंडाळला. केबल घरात शिरण्याआधी खाली एक वळसा दिला, म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत येत नाही.

२८ मे २०२३, रविवार. संध्याकाळी १४५.५०० वर कॉल दिला आणि मडगावच्या एका ज्येष्ठ हॅमनी उत्तर दिलं. त्यांनी माझं कॉलसाइन नीट, सावकाश परत म्हटलं आणि फाइव्ह नाइन, म्हणजे आवाज स्पष्ट आणि सिग्नल जोरदार, असा रिपोर्ट दिला. "आवाज भरीव आहे हो, कुठला सेट?" असं विचारलं. बार्जवरचा जीएम३०० म्हटल्यावर त्यांना किती आनंद झाला! पुढची दहा मिनिटं त्यांनी जुन्या क्रिस्टलच्या सेटच्या गोष्टी सांगितल्या, ज्यात एका चॅनेलसाठी क्रिस्टल घासून जुळवावा लागायचा. मी थरथरत्या हाताने लॉगबुकात तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, त्यांचं कॉलसाइन, रिपोर्ट लिहिला. लॉगमध्ये आपली वेळ लिहिता की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), ते पहिल्या पानावरच ठरवून टाका. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक आहे आणि नंतर जुळवताना घोळ होतो.

पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की मी केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवते. चार महिने हेच. त्यामुळे जीएम३३८ ला खरा वेळ मिळाला तो चवथ आणि दिवाळी उरकल्यावर.

या सेटवर जे ऐकायला मिळतं त्याने माझे विद्यार्थी रेडिओकडे ओढले गेले. अंतराळ स्थानकावर सप्टेंबर २०२० पासून एक रिपीटर आहे, जमिनीवरून १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह बोललेलं तो ४३७.८०० वर परत खाली पाठवतो. स्थानक सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जातं, त्यामुळे डॉप्लर परिणामाने ती फ्रिक्वेन्सी येताना सुमारे १० किलोहर्ट्झने वर आणि जाताना तेवढीच खाली भासते. डायलवाल्या सेटवर हात फिरवत राहतात. आपल्या सेटला डायल नाही, पण चॅनेल आहेत. मी तक्त्यात पाच सलग चॅनेल आधीच लिहिले होते: ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. स्थानक क्षितिजावर आलं की पहिला, मग एकेक पायरी खाली. सात-आठ मिनिटांच्या फेरीत पाचही ऐकून होतात. वेगळी अँटेनाही लागली नाही. दोन मीटरची पाव लहर ही सत्तर सेंटिमीटरला पाऊण लहर होते आणि साधारण चालून जाते. माझ्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर ४३७ ला १.८ आला, ऐकायला पुरेसा.

जानेवारी २०२४ च्या एका संध्याकाळी बारावीची काही मुलं घरी होती. पहिल्या चॅनेलवर आधी नुसती खसखस, मग तिच्यातून दोन शब्द वर आले, आणि दक्षिणेतल्या एका स्टेशनचं कॉलसाइन स्वच्छ ऐकू आलं. एका मुलीने स्वतःहून चॅनेलची कळ दाबायचं काम घेतलं. आवाज फाटायला लागला की खालची पायरी, असं तिने कुणी न सांगता ओळखलं. दुसऱ्या दिवशी डॉप्लरचं गणित तिने फळ्यावर स्वतः मांडलं: ४३७.८ ला वेगाने गुणायचं, प्रकाशाच्या वेगाने भागायचं, उत्तर ११ किलोहर्ट्झच्या आसपास. स्थानक सरळ आपल्या दिशेने येत नाही म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. मुलं फक्त ऐकतात, माइक परवानाधारकाच्याच हातात. त्यांतल्या दोघांनी आता रिस्ट्रिक्टेडचा अर्ज भरला आहे.

खर्चाचं सगळे विचारतात म्हणून: दोन सेट ५५००, वास्कोचं काम १५००, सप्लाय ३२००, केबल, कनेक्टर आणि ॲडॅप्टर मिळून साधारण ३५००, पितळी सळी आणि सॉकेट ४०० च्या आत, परवाना २०००. बॅटरी घरात होती. डोंगल आणि नॅनोव्हीएनए मिळून ८००० च्या जवळ गेले, पण ते दोन-तीन जणांत मिळून घेता येतात, आणि आम्ही आता तसेच वापरतो.

सत्तरी तालुक्यातल्या तिघांना असेच सेट मिळाले आहेत, त्यातले दोन जीएम३०० आहेत. परवाने त्यांच्या हाती आले आहेत, सीरियल क्रमांकांसकट पत्रंही झाली आहेत. चॅनेलचा तक्ता आम्ही चौघांनी एकच केला आहे, म्हणजे अडचणीच्या वेळी 'चॅनेल तीनवर ये' म्हटलं की सगळ्यांच्या सेटवर तीन म्हणजे तेच. दिवाळीच्या सुट्टीत सगळे सेट एकदम वास्कोला न्यायचे आहेत.